तीन कठड्यांचा पाळणा

कोपरगाव,
मंगळवार, दुपार

प्रिय पंकजा,

भांडी झाली, तुझे सासरे फॅक्टरीतल्या जुन्या मित्रांकडे गप्पा हाणायला गेले आणि घर एकदाचं माझ्या ताब्यात आलं. कॅलेंडरचे मार्च आणि एप्रिल फाडून घेतलेत, मागची बाजू कोरी आहे. आपल्या दोघींचं खरं बोलणं तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून असल्याच कागदांवर चालत आलंय. मोबाईलवर लिहायला गेले की माझं बोट भलत्याच अक्षरावर पडतं, आणि तुझ्या खुणांच्या भाषेत मी अजून बालवाडीत आहे. चहा, मीठ, लाईट गेली, आणि मिशीवरून बोट फिरवलं की 'हे आले', एवढंच मला झोकात जमतं. माझं नाव तू कानाची पाळी चिमटीत धरून घेतेस, माझ्या कुड्यांवरून. पहिल्यांदा तू तसं केलंस तेव्हा मला वाटलं, हिला माझ्या कुड्या हव्यात की काय! तो दिवस आठवला की अजून हसू येतं.

मागच्या आठवड्यात मी बेलापूरला आले होते तेव्हा तू मोबाईल माझ्यापुढे धरून एकच प्रश्न विचारलास. 'आई, आम्ही घरी आल्यावर अमृतचा पाळणा कुणाच्या पलंगाला लावायचा? माझ्या की तुमच्या?' मी वाचलं, 'बघू' म्हटलं आणि वाळलेली दुपटी घडी घालायला घेतली. चांगली घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. तू पुन्हा विचारलं नाहीस, पण निघताना माझ्या पाया पडलीस तेव्हा जरा जास्त वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिलीस. रविवारी माझा कल्याण तुम्हाला आणायला येतोय, तेव्हा उत्तर त्याच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं. म्हणून उद्या सकाळीच हे कुरियरने धाडते. पण सरळ उत्तर द्यायची मला खोड नाही, हे तुला ठाऊक आहे. आधी पोटभर कौतुक करून घेते. समोर केलं असतं तर तू मान खाली घालून मेथी निवडायला बसली असतीस.

हा प्रश्न निघाला तुझ्या डोहाळजेवणाच्या दिवशी. ओटी भरून झाली, बायका पांगल्या आणि आमच्या वन्संनी पंगतीच्या पाटावरच पंचायत भरवली. लंकाबाईंचं तुला माहीतच आहे. धाकट्या भावाच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे तलाठ्याचा शिक्का. त्या म्हणाल्या, "कल्यान आठवडाभर नगरला कंपनीत. ही रातच्याला खोलीत एकली. पोरगं रडून रडून बेंबी फुगली तरी हिला कळायचं न्हाई. मी सांगते, पाळना पुष्पाच्या दिवानाला लावा. तिचं कान अजून खडखडीत हायेत." यांनी लगेच मान डोलावली. यांना काय, एकदा घोरायला लागले की शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी कूस बदलत नाहीत. तुझ्या आईनं, केशरबाईंनीही खाली पाहत 'बरोबर आहे' म्हटलं, त्याचं मला जास्त लागलं. तू कोपऱ्यात हिरव्या चुड्यात बसून एकेकाच्या ओठांकडे पाहत होतीस. कुणाच्या ध्यानातही आलं नाही की ही सगळं वाचतेय. भांडली नाहीस, रडली नाहीस. उठून सगळ्यांना बडीशेप दिलीस.

आणि आठवड्याने मोबाईलवर फोटो घेऊन आलीस. लाकडी पाळणा, चार पायांवर उभा, तीन बाजूंना कठडे आणि चौथी बाजू सताड उघडी. मी म्हटलं, अगं, सुताराचं लाकूड संपलं का? तर तू एवढी हसलीस की पोटाला हात लावून खाली बसावं लागलं. मग कागदावर चित्र काढून दाखवलंस. उघडी बाजू आईच्या पलंगाला खेटून, पट्ट्याने घट्ट बांधलेली, दोन्ही गाद्या एका पातळीवर. बाळ आपल्या जागेवर, आई आपल्या जागेवर, आणि मध्ये फक्त आईचा हात. 'ऐकावं जनाचं, करावं मनाचं' असं आमची आई म्हणायची. तू पहिला भाग सोडून थेट दुसऱ्याला हात घातलास!

नगरची ती दुपार मी आयुष्यात विसरणार नाही. नगरला जाऊन हातात ओझं न घेता परतले असं माझं आजवर झालेलं नाही, म्हणून दुकानात शिरायच्या आधीच मी रस्त्यावर एक कलिंगड घेतलं होतं. कल्याण कुरकुरला, "आई, पाळणा घ्यायला आलोय की भाजीला?" दुकानदार मोठा उत्साही गडी. झुल्याचे पाळणे, जाळीचे पाळणे, दिव्यांचे पाळणे, एकाला तर बाळ रडलं की आपोआप गाणं लागायचं. तो तुलाच ते गाणं पुन्हा पुन्हा लावून दाखवत होता आणि तू शहाण्या मुलीसारखी मान हलवत होतीस. शेवटी कल्याणने सांगितलं की हिला ऐकू येत नाही. बिचारा लालेलाल झाला, आणि मग तेच सगळं तुला ओरडून सांगायला लागला. असं का करतात लोक, देव जाणे. बंद दाराला धडका मारून ते खिडकी होत असतं का?

तू मात्र शांतपणे कामाला लागलीस. टेपने उंची घेतलीस. पलंग आणि पाळणा यांच्यात बोट शिरतं का पाहिलंस, जिथे शिरलं तो पाळणा बाद. त्याने फुकट दिलेली मऊ उशी आणि कठड्याला बांधायची गादी परत केलीस, बाळाच्या नाकातोंडाशी मऊ काही नको म्हणून. गादी अंगठ्याने दाबून दाबून कडक तीच घेतलीस. आणि मग माझ्या पिशवीत हात घालून माझं कलिंगड काढलंस! माझ्याच पंच्यात गुंडाळून पाळण्यात निजवलंस. सात महिन्यांचं पोट सांभाळत दुकानातल्या पलंगावर कुशीला आडवी झालीस, डोळे मिटलेस, तळहात पाळण्याच्या गादीवर ठेवलास आणि कल्याणला खूण केलीस, हलव.

त्याने हलवलं की तुझं दुसऱ्या हाताचं बोट वर. पुन्हा हलवलं, पुन्हा बोट वर. जाळीच्या पाळण्यात कलिंगड अर्धं लोळलं तरी बोट हललं नाही, तुला पत्ताच लागला नाही. तो बाद. गाण्याचा पाळणा प्लास्टिकचा, तो स्वतःच इतका लटलटत होता की तू सारखंच बोट वर करायला लागलीस. तोही बाद. मग हा लाकडी. कल्याणने तुला फसवायला नुसताच हात पुढे नेला आणि हलवलंच नाही, तर तू एक डोळा उघडून त्याच्याकडे असं पाहिलंस की सगळं दुकान हसलं. शेवटी मी पुढे झाले. मी कलिंगडाला करंगळीने शिवले, फक्त शिवले. तुझं बोट वर गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी पलीकडच्या बाबागाड्या बघायला गेले. तिथे एक जण तुझ्याकडे मोबाईल धरून उभा होता. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याने तो मुकाट्याने खिशात घातला.

कल्याणने आणलेलं ते यंत्र आठवतं ना, बाळ रडलं की दिवा लागतो आणि मनगटावर पट्टी थरथरते ते? त्याला वाटलं होतं, आता पाळणा कुठलाही चालेल. तू त्याला लिहून दिलंस, 'हे दिवसा ठेवू, मी ओट्याशी असताना. रात्री लाईट गेली तर काय? आणि रडायला लागल्यावर कुणालाही कळतं. मला त्याच्या आधी कळलं पाहिजे.' तो कागद मी फेकला नाही. देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय.

पाळणा पसंत केला, पण घरी आणायचा कसा? पोर जन्मायच्या आधी घरात पाळणा आणायचा नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आपल्याकडचं. वन्संनी मला फोन करून यांना दटावलंच, "आसारामला सांग, इपरीत करू नका." खरं सांगू, या बाबतीत मीही भित्री. शिकलेल्या सुना अशा वेळी सासूला चार शब्द ऐकवतात. तू नुसती हसून दुकानदाराला चिठ्ठी लिहिलीस, पाळणा इथेच ठेवा, बाळ आलं की टेम्पोने बेलापूरला धाडा. अमृत झाला, कल्याणने फोन केला आणि तू दवाखान्यातून माहेरी पोचायच्या आत पाळणा तुझ्या पलंगाशी उभा. आधी पोरगं, मागून पाळणा. माझा देवही राजी, तुझा टेपही राजी.

बारशाला मात्र त्या पाळण्याने सगळ्यांची फजिती केली. वन्संनी कमरेवर हात ठेवून त्याला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "ह्यो पाळना न्हवं, खोकं हाय. खालून गोप्या कसा काढायचा?" नाव ठेवताना कुंचीत गुंडाळलेला वरवंटा एकीने पाळण्याखालून द्यायचा, दुसरीने घ्यायचा, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. झुलत्या पाळण्याला हे सोपं. इथे खाली फळी, चाकं, आणि पलंगाला बांधलेलं सगळं. बायका थबकल्या. तू उठलीस, पट्टा सोडलास, पाळणा खोलीच्या मध्ये ओढलास, खालची फळी काढलीस आणि वन्संना हाताने 'या' म्हटलंस. नऊवारी सावरत वन्सं जमिनीवर बसल्या, वरवंटा घेऊन पाळण्याखाली वाकल्या आणि त्यांचा अंबाडा अडकला! केशरबाई इकडून ओढतात, मी तिकडून ढकलते, वन्सं आतून ओरडतात, "अगं, मला काढा आदी, गोप्याचं ऱ्हाऊ द्या!" त्या दिवशी त्या स्वतःच सगळ्यात जास्त हसल्या. मग आम्ही पाळणा म्हणायला लागलो, तेव्हा तू कठड्यावर एक हात ठेवलास आणि दुसऱ्या हाताने अमृतच्या छातीवर थोपटायला लागलीस. बायका कठड्यावर ताल धरत होत्या, आणि तुझं थोपटणं अगदी त्या तालावर पडत होतं. वन्संनी मला कोपराने ढोसलं, "पुष्पे, तू एक ओळ मागं हायेस." मला वाटलं, तुझ्या हाताकडे बघता बघता माझं गाणं मागे पडलं असेल.

इकडची खबर काय विचारशील, तर ठीक आहे. तू माहेरी गेल्यापासून दोनदा डाळ करपली. कुकरच्या शिट्ट्या मी मोजत नाही आणि यांना शिट्टी म्हणजे फॅक्टरीचा भोंगा वाटते, उठून बाहेरच जातात. तू ओट्यावर हात ठेवून तीन शिट्ट्यांना गॅस बारीक करायचीस, तेव्हा या घरात डाळ कधी लागली नव्हती. दूधवाला दोन दिवस हाक मारून मारून परत गेला, आता कडी आपटतो. टीव्हीवरून रोज वाद. हे म्हणतात, "शेजाऱ्यांसाठी लावलाय का?" मी म्हणते, तुमच्याशी बोलायला नको म्हणून मोठा लावलाय. शिवाय आज सकाळपासून यांनी अबोला धरलाय. रामहरी सुतार करवत घेऊन आला होता, आणि ते काम मी यांना न विचारता सांगितलं म्हणून. ते काम कसलं ते पुढे सांगते. शनिवारी मी नगरलाही जाऊन आले, माझ्या एका कामासाठी. या खेपेला ओझं काही घेतलं नाही.

आता बेलापूरची ती दुपार. जेवणं झाली होती, केशरबाई आत कणीक मळत होत्या, टेबलफॅन भणभणत होता. तू कुशीवर झोपली होतीस आणि हात त्या उघड्या बाजूने अमृतच्या पोटाशी. मी बराच वेळ नुसती बघत बसले. त्याला उचकी लागली, तुझी बोटं जराशी उचलली आणि परत टेकली, पण तू झोपलेलीच. त्याने आळोखेपिळोखे दिले, तू झोपलेलीच. झोपेतसुद्धा तुझ्या हाताला उचकी वेगळी कळते आणि भूक वेगळी कळते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मी कल्याणला दोन धड कानांनी वाढवला, आणि तरी त्याने घर डोक्यावर घेतल्याशिवाय मला कधी जाग आली नाही. मग मी तुमच्याकडे पाठ करून खाली लसूण सोलायला बसले. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर तू उठून बसली होतीस आणि अमृत पदराखाली चुटुचुटु पीत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पंकजा? तुझ्याइतकी जागी आई मी दुसरी पाहिली नाही. हे मी वन्संनाही सांगणार आहे, आणि त्यांच्याच ओट्यावर बसून सांगणार आहे.

तर आता तुझं उत्तर. पाळणा तुझ्याच पलंगाला लागणार. तुझ्या पलंगाची वर आलेली उभी फळी पाळण्याच्या आड येत होती ना, ती रामहरीने आज कापून सपाट केली, तू फेब्रुवारीत काढून ठेवलेल्या नकाशाबरहुकूम. पण सासूने मोठं मन दाखवलं असं मात्र समजू नकोस. त्या दुपारचं मी तुला अर्धंच सांगितलं. मी पाठ करून बसले होते तेव्हा अमृत नुसता कुणकुणला नव्हता, चांगला रडला होता. केशरबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या, त्यांची सावली माझ्यापुढे भिंतीवर पडली, तेव्हा मी मान वळवली. तोवर तू त्याला उचलून पदराखाली घेतलं होतंस. केशरबाईंना वाटलं, मी मुद्दाम बसून राहिले, तुझी परीक्षा घेत. मी तसं वाटू दिलं. पण मी माझ्या नातवापासून हातभर अंतरावर होते, पंकजा, आणि मला काही, काही ऐकू आलं नव्हतं. खूप घाबरले मी. शनिवारी नगरला गेले ती कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. मला तुझं कलिंगड आठवलं. मी अगदी तयारीत बसले. बराच वेळ गेला, मला वाटलं अजून सुरूच केलं नसेल. काचेपलीकडची मुलगी माझ्या बोटाकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं की केव्हाच सुरू झालंय. बारीक, उंच आवाज गेलेत, बाकीचेही हळूहळू जाणार आहेत म्हणतात. दिवसा कानाला मशीन लावेन, पण झोपताना ते काढून ठेवायचं असतं. म्हणजे रात्री माझ्या दिवाणाला पाळणा लावला असता तर अमृतजवळ कुणीच जागं नसतं. यांना, कल्याणला, वन्संना यातलं अजून काही सांगितलं नाही. पहिल्यांदा तुला सांगतेय, कारण बाकीचे कीव करतील नाहीतर ओरडून बोलायला लागतील, आणि तू दोन्ही करणार नाहीस. माझं एकच मागणं आहे. कधी तू दमलेली असशील, एखाद्या दुपारी तो माझ्याजवळ निजेल, तेव्हा हात कुठे ठेवायचा आणि कसा, ते मला शिकव. रविवारी तुम्ही याल तेव्हा बाजारातून एक कलिंगड आणून ठेवते. तू हलव. मी डोळे मिटून बोट वर करीन.

तुझीच,
आता फक्त कुड्यांपुरतेच कान उरलेली,
आई